बंदुकीतला खटका

४ फेब्रुवारी

पंप आला — पाण्याचा!

मागणी मीच टाइप केली होती. ‘पंप ॲक्शन बंदुकीचे, आतले भाग दिसतील असे, उघडे मॉडेल — नग एक.’ खरेदीवाल्यांनी पहिला शब्द वाचला, शेवटचे दोन वाचले आणि मधल्या बंदुकीला सुट्टी दिली. सकाळी दोन हमालांनी हाशहुश करत पंप भांडारात आणून टेकवला. हिरवागार. सोबत एक पंपवाला.

“बाई, विहीर कुठंय?”

“विहीर नाही. याच्यावर शिकवायचंय.”

“काय?”

“बंदूक.”

पंपवाल्याने एकदा पंपाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे. मग माझ्याच टेबलावरचा पाण्याचा ग्लास उचलून माझ्यापुढे सरकवला. “घ्या बाई. ऊन फार आहे.”

बँकांचे पहारेकरी तयार करणारी आमची शाळा. बंदूक एकच, तीही परवाना संपला म्हणून पोलिसांकडे जमा. आणि २२ तारखेला तपासनीस येणार! बंदुकीच्या आत काय चालतं ते पोरांना नीट शिकवता येतं की नाही, ते बघणार. नाही आलं, तर शिकवणाऱ्या मास्तरांची रवानगी फाटकावर — गाड्यांचे नंबर टिपायला.

मास्तर म्हणजे आमचे हे. शाळेत मास्तर, घरी हे. पंपाची बातमी मी त्यांना सांगितली नाही. शिपायाकरवी कळवली. आमचा अबोला चालू आहे.

५ फेब्रुवारी

अबोला का, ते इथे लिहून ठेवते. उद्या मलाच वाटायला नको की उगाच केला.

गेल्या रविवारी. सकाळपासून सांगतेय — दार वाजतंय. हूं नाही की चूं नाही. दूध बघा, उतू चाललंय — गेलं उतू. ताईचा फोन होता — शुकशुकाट. हे आपले खिडकीत पाठमोरे बसून बुटांना पॉलिश करतायत. माझं डोकं फिरलं. दारात उभी राहून म्हटलं, “मी या घरात असले काय न् नसले काय, तुम्हाला सारखंच ना?”

आणि हे म्हणाले — “हो, चालेल.”

हो, चालेल! ब्रश न थांबवता!

लग्नाला इतकी वर्षं झाली, भांडणं झाली, भांडी फुटली, पण असं थंडपणे कधी बोलले नव्हते. रात्री उशी ओली झाली. ताईला फोन केला. माझी मोठी बहीण. तिचा अबोल्यातला अनुभव दांडगा. म्हणाली, “आधी तू बोलायचं नाहीस. जो आधी बोलला तो हरला. आणि इकडची खोली रिकामीच आहे, कधीही ये.”

ठरलं तर मग. २२ ची तपासणी होऊ दे. आत्ता गेले तर लोक म्हणतील, नवऱ्याला अडचणीत टाकून गेली. २३ ला बॅग उचलायची आणि ताईकडे. कायमची.

७ फेब्रुवारी

प्राचार्य साहेबांनी सभा घेतली. “पंप आलाच आहे तर पंपावर भागवा,” म्हणाले. “तत्त्व एकच. आत घ्यायचं, बाहेर टाकायचं.”

पंपवाला अजून इथेच आहे. पोच मिळाल्याशिवाय हलायचं नाही असा त्याला मालकाचा हुकूम, आणि चुकीच्या मालाची पोच मी देणार नाही. तो म्हणाला, “साहेब, पंप चोरावर झाडला तरी पाणीच येईल.”

मास्तर प्राचार्य साहेबांच्या तोंडाकडे एकटक बघत बसले होते. (हल्ली सगळ्यांच्या तोंडाकडे असेच बघतात — फक्त माझ्याकडे नाही.) मग एकदम उठले, खडू घेतला आणि हॉलमध्ये गेले.

या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फरशीवर बंदूक काढली! वर एक लांब नळी, तिच्याखाली आणखी एक नळी. वरच्या नळीतून बार सुटतो. खालच्या नळीत काडतुसं एकामागे एक आपली पाळी येईपर्यंत थांबतात.

“मॉडेल नाही ना?” मास्तर गरजले. गरजूनच बोलतात हल्ली. “मग आपणच मॉडेल!”

८ फेब्रुवारी

वाटणी झाली. लिहिताना हसू येतंय, पण लिहिते.

पहिलं काडतूस — आमचा आचारी. त्याला वेगळं सोंग नकोच, तो मुळातच गोल आणि गच्च भरलेला. दुसरं काडतूस हिशेबनीस. पंपवाला म्हणाला, “हे ओलं दिसतंय.” दोघांनी लाल रेनकोट घातले. दट्ट्या म्हणजे पुढे-मागे सरकून काडतूस नळीत ढकलणारा दांडगा तुकडा — त्यासाठी वर्गातला पैलवान. काडतूस खालच्या नळीतून वरच्या नळीत उचलून देणारा पाळणा — जेवणाची चाकाची गाडी. झाडून झालेलं काडतूस मागे ओढून काढणारा आकडा — माळी. हातात छत्री, छत्रीची मूठ आचाऱ्याच्या कॉलरमध्ये.

आणि बाहेरून जी मूठ माणूस मागे-पुढे खेचतो, ती कोण?

“पंप कोण? पंपवालाच की!” सगळे एकसुरात. तो तयार. नाहीतरी बसूनच होता. त्याच्या दोन हातांत दोन बांबू दिले, बांबूंची दुसरी टोकं पैलवानाच्या कमरेला बांधली. पंपवाल्याने मागे ओढलं की दट्ट्या मागे, पुढे रेटलं की दट्ट्या पुढे.

राहिला घोडा — काडतुसाच्या बुडावर आपटणारा. प्राचार्य साहेबांनी विचारलं, “घोडा मुख्य असतो ना? मग तो मीच.”

मास्तरांनी सांगून पाहिलं की साहेब, घोडा दबून बसतो आणि चाप ओढला की डोकं आपटतो.

“चालेल. जबाबदारीच्या पदावर तेच करावं लागतं.”

चाप म्हणून शिपाई. त्याने दोरी ओढायची, साहेबांनी आपटायचं. दोरी साहेबांच्या पट्ट्याला. शिपायाच्या चेहऱ्यावर असा आनंद मी त्याच्या बोनसच्या दिवशीही पाहिला नव्हता.

मला वाटलं, सुटले. तेवढ्यात मास्तर फळ्याकडे बघत म्हणाले, “भांडारवाल्या बाई — खटका.”

भांडारवाल्या बाई! बायकोला!

९ फेब्रुवारी

खटक्याचं काम समजलं. दट्ट्या पुढे गेला, काडतूस नळीत बसलं, की मी बांबूंच्या आडवं यायचं, पाय रोवायचे. मग पंपवाल्याने कितीही जोर लावला तरी बंदूक उघडत नाही. आणि आडवं येताना मोठ्याने ‘खट्’ म्हणायचं. शिवाय उजव्या हातातला लाल रुमाल वर करायचा.

“रुमाल कशाला?” हिशेबनीसाने विचारलं. “खऱ्या बंदुकीत रुमाल कुठं असतो?”

“दिसला पाहिजे,” मास्तर म्हणाले. “खटका दिसला पाहिजे.”

नाटकीपणा नुसता! ताईला फोन करून विचारलं, ‘खट्’ म्हटलं तर अबोला मोडतो का? ताईने विचार करून सांगितलं, “ते सरकारी बोलणं. चालतं.”

आमची संस्था सरकारी नाही, पण मी वाद घातला नाही.

११ फेब्रुवारी

आज पहिली पूर्ण तालीम. सत्यानाश!

पंपवाल्याने मागे ओढलं. पैलवान मागे सरकला आणि सरकता सरकता त्याने साहेबांना पाठीने दाबून खाली बसवलं — बरोबर, घोडा असाच दबतो. आता खालच्या नळीतून एक काडतूस सुटून पाळण्यावर यायचं. एकच! त्यासाठी नळीच्या दारात एक पोरगा अडसर म्हणून उभा. पण अडसराला शिंक आली आणि आचारी आणि हिशेबनीस दोघं एकदम गाडीवर. गाडी तिरकी. पैलवान पुढे. हिशेबनीस मधे चेपले — “माझा चष्मा! माझा चष्मा!”

मास्तर खूष. “बघा! बंदूक अडकते म्हणजे काय होतं ते बघा! एका वेळी एकच यायला हवं. अडसराने दोन सोडली की झालं कल्याण!”

ते ओरडत होते तो सगळा वेळ साहेब दबून बसलेलेच. शेवटी त्यांनी विचारलं, “मी उठू का?”

शिपाई म्हणाला, “चाप ओढल्याशिवाय घोडा उठत नाही, साहेब.” आणि दोरी धरून तसाच उभा राहिला.

१२ फेब्रुवारी

आज नवऱ्याशी बोलणं झालं ते एवढंच — खट्.

१४ फेब्रुवारी

एक गोष्ट मनाला फार लागलीय. अबोला धरून इतके दिवस झाले, यांनी एकदाही विचारलं नाही — का गं, बोलत का नाहीस? एकदाही नाही!

सुरुवातीला आपले नेहमीसारखे — “मीठ दे,” “टॉवेल कुठंय.” मी मीठ आपटायचे, टॉवेल फेकायचे. आता तेही बंद. जेवताना मान ताटात. मी समोर बसले तरी माझ्या तोंडाकडे बघत नाहीत. काल मुद्दाम पातेलं जमिनीवर टाकलं, मागे उभी राहून. मान वर नाही! शेजारीण धावत आली, पण हे भात कालवतायत.

अबोला मी धरला आणि शिक्षा मलाच होतेय असं झालंय.

१५ फेब्रुवारी

हद्द झाली! आज हे कानात कापूस घालून बसले!

म्हणजे मी चुकून बोलले तरी ऐकायचं नाही! आधीच बंदोबस्त! बॅग माळ्यावरून काढली. आपटून ठेवली. तिकडेही बघितलं नाही.

१६ फेब्रुवारी

बाहेर जायच्या शर्टाच्या खिशात एक बाटली सापडली. बोटाएवढी. तिच्यावरचं अक्षर पुसलेलं. वास उग्र.

एवढ्याशा बाटलीत कुणी दारू पीत नाही. मग काय? विष? अत्तर? अत्तर असेल तर कुणासाठी? विचारणार कशी — अबोला! ताईला विचारलं. ताई म्हणाली, “अत्तरच. ये तू.”

बाटली होती तिथे ठेवली.

१७ फेब्रुवारी

आज मला बंदूक समजली.

तालीम चांगली चालली होती. मागे — पुढे — आचारी पाळण्यावरून वरच्या नळीत, पैलवान त्याच्यामागे चिकटून, मी आडवी. “खट्!” रुमाल वर. चाप ओढला, साहेब आपटले, आचाऱ्याने “धडाम्!” म्हणून मूठभर वाळके वाटाणे भिंतीवर फेकले — ते छर्रे. बार झाल्याबरोबर मी बाजूला. पंपवाल्याने मागे ओढलं, माळ्याने छत्रीने आचाऱ्याला कॉलर धरून बाहेर काढलं, तो एका अंगाला लोळत गेला, आणि खालून हिशेबनीस पाळण्यावर हजर. टाळ्या!

मग पंपवाल्याने विचारलं, “मास्तर, पण समजा बंदूक भरली आणि झाडायचीच नाही, मग? चोर आलाच नाही. पहारा संपला. आता आतलं काडतूस बाहेर कसं काढायचं? ओढली तर बाई आडव्या.”

मास्तर त्याच्या तोंडाकडे बघत होते. मग माझ्यापाशी आले. “भरून बंद झालेली बंदूक उघडायच्या दोनच वाटा,” ते पोरांना सांगू लागले. “एक — बार काढायचा. सगळ्यांना ती एकच माहीत असते. दुसरी कुणी बघतच नाही. चापाजवळ हा एवढासा खटका असतो. तो बोटाने दाबायचा. बस्स. आवाज नाही, बार नाही. बंदूक उघडते, काडतूस जसंच्या तसं हातात येतं.”

आणि माझ्या खांद्याला बोट लावलं.

किती दिवसांनी! मी बाजूला सरकले. सरकावंच लागतं. मास्तर माझ्याकडे न बघता पुढे गेले. मी भांडारात येऊन पंपावर बसून रडले. एवढंच करायचं होतं ना घरी? बोट लावायचं. एवढासा तर खटका! की मीच आधी बोलावं? पण ‘हो, चालेल’ आठवलं आणि डोळे पुसले.

पंपवाला डोकावून गेला. “बाई, पंप ओला करू नका. जळेल.”

२० फेब्रुवारी

बॅग भरली. ताईने गादीला नवी खोळ घातलीय म्हणे.

२२ फेब्रुवारी

काय दिवस! सुसंगत लिहायचा प्रयत्न करते.

तपासनीस आले ते स्वतःची उशी घेऊन आले. खुर्चीवर उशी, उशीवर तपासनीस. प्राचार्य साहेबांनी नवा पट्टा घातला होता. आचाऱ्याने वाटाण्यांची पिशवी कमरेला लावलेली. मास्तर पांढरेफटक. मला वाटलं, भीतीने.

पहिला बार झकास झाला. चाप ओढला, साहेब आपटले, वाटाणे भिंतीवर ताडताड. तपासनीसांनी एक वाटाणा उचलून खाल्ला. मला अभिमान वाटला, खोटं का बोलू! फाटकावर जात नाही माझा नवरा, असं मनात आलं. आणि लगेच दुसरं आलं — उद्यापासून तुझा कोण तो?

मग तपासनीस म्हणाले, “उत्तम. पण पहारेकरी अंधारात उभा असतो. त्याला आतलं दिसत नाही. त्याला कान असतात. मास्तर, पाठ करून उभे राहा. बंदूक बंद झाली की नाही, नुसतं ऐकून सांगा.”

मास्तरांनी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. पाहतच राहिले. मग सावकाश पाठ केली.

पंपवाल्याने मागे ओढलं — पैलवानाने साहेबांना दाबलं. पुढे रेटलं — आचारी नळीत. मी आडवी आले. “खट्!”

मास्तर गप्प.

मी पुन्हा, जोरात — “खट्!” रुमालही उंच धरला, सवयीने. पाठमोऱ्या माणसाला रुमाल काय दिसणार?

गप्प.

“मास्तर, लागला का खटका?” तपासनीसांनी मागून विचारलं.

गप्प. पोरं खुसखुसायला लागली. मी जिवाच्या आकांताने ओरडले, “खट्!!” खिडकीतली दोन कबुतरं उडाली. आमचे हे उभे. पाठ ताठ, मान जराशी खाली. आणि कानाच्या मागून कापसाचं टोक दिसत होतं.

दार वाजतंय. दूध उतू चाललंय. पातेलं. सगळ्यांच्या तोंडाकडे बघणं. ‘खटका दिसला पाहिजे.’ सगळं एका झटक्यात माझ्या डोक्यात जागच्या जागी बसलं. यांना ऐकू येत नाही! ही गोष्ट यांनी एकट्याने दाबून ठेवली होती, आणि मी मूर्ख पातेली आपटत होते!

मला पुढचं भान राहिलं नाही. मी जागा सोडली आणि धावत त्यांच्याकडे गेले.

खटक्याने जागा सोडली की काय होतं? पंपवाला बांबूंवर रेलून जोर लावत होता, तो उताणा पडला. बांबूंबरोबर पैलवान मागे. माळ्याची छत्री आचाऱ्याच्या कॉलरमध्ये, तो पैलवानामागे खेचला गेला, वाटाण्यांवरून घसरला आणि लोळत लोळत थेट तपासनीसांच्या पायाशी — अख्खा, न झाडलेला, पिशवी भरलेली!

मी यांच्या खांद्यावर हात ठेवला. हे वळले. माझ्या हातातल्या रुमालाकडे पाहिलं. तोंडाकडे नाही.

“बंद झाली होती, साहेब,” हे म्हणाले.

“आता उघडली!” तपासनीस उठून उभे राहिले. उशी खाली पडली. “वा! खात्री पटेपर्यंत तोंडातून शब्द नाही! आणि मग खटका दाबून, बार न काढता भरलेली बंदूक रिकामी! इतकी वर्षं तपासण्या करतोय, ही दुसरी वाट कुणी करून दाखवली नव्हती. शाबास, मास्तर!”

टाळ्याच टाळ्या. मास्तर सगळ्यांच्या तोंडांकडे बघत होते, हसायचं की नाही ते ठरवत. मी त्यांचा हात सोडला नाही.

साहेब मात्र तसेच दबून बसले होते. बार झालाच नव्हता, चाप ओढायचं कुणाच्या लक्षातच आलं नाही. चहाच्या वेळी माळ्याने पाहिलं.

२३ फेब्रुवारी

सकाळी हे बूट घेऊन खिडकीत बसले होते. मी अगदी जवळ जाऊन बसले, कापूस काढला आणि कानाशी तोंड नेऊन म्हटलं, “अहो.”

ब्रश हातातून पडला. “आला! आवाज आला तुझा!” खिशातून ती बोटाएवढी बाटली काढली, डोळे भरलेले. “थेंब लागू पडले गं! बाकीच्यांचं थोडंथोडं यायचं, तुझा मात्र पार गेला होता. त्या रविवारी चहा ठेवू का म्हणालीस, मी ‘हो, चालेल’ म्हटलं, तेवढा शेवटचा. डॉक्टरांना म्हटलं, दुसरं काही नको, बायकोचा आवाज तेवढा परत आणा. तुझ्या तोंडाकडे बघायची हिंमत होत नव्हती — तू बोलत असशील आणि मला काहीच येत नसेल, तर?”

अबोला मी धरला, आणि हे आपले रोज कानात थेंब टाकत होते.

ताईला फोन केला. म्हटलं, गादीवर तूच झोप, मी हरले.